गायीचे गुण

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावातल्या आताच्या पोरांना तुमचं नाव सांगितलं तर ती कोण म्हणून विचारतात. तरी आज दुपारी एक उत्तरपत्रिका पुढ्यात आली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की पटकन जाऊन सरांना विचारून येऊ. उठलेसुद्धा खुर्चीवरून. मग परत बसले. शहाद्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवते, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी स्वतःच परीक्षा देत होते. आता परीक्षा घेते, आणि खरं सांगू का, देताना वाटायची त्याहून जास्त भीती घेताना वाटते. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नाही, वीज गेली आहे, बाहेर रस्त्याकडे बघवत नाही इतकं ऊन आहे, आणि संध्याकाळी क्लार्क अकरावीच्या पेपरांचा गठ्ठा न्यायला येणार आहे. तोवर मला एका मुलीच्या एका उत्तराचे गुण ठरवायचे आहेत. आहेत तसे ठेवले तर ती नापास होते. वाढवले तर कारण लिहून खाली सही करावी लागते. कारण माझ्याकडे आहे, पण ते कागदावर मांडायचं कसं हे सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले आहे. आपण दोघं कायम अहिराणीत बोललो, पण हातात पेन आलं की माझी शाळेची मराठीच उतरते. त्याला तुम्हीच जबाबदार आहात.

हे सगळं मी ओढवून घेतलं आहे. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये ठरत आलं होतं की भूगोलाचा पेपर पूर्ण टिकमार्कचा करायचा. चार पर्याय, एकाला खूण, संपलं. तपासायला सोपं, कुणाची तक्रार नाही. आमचे वाणिज्यचे सर म्हणाले, "मॅडम, टिकमार्क म्हणजे मीटरपट्टी. तुमचं ते मोठं उत्तर म्हणजे हाताचं माप. आमच्या दुकानात मी हाताने कापड मोजलं तर वडील मला गल्ल्यावर बसू देणार नाहीत." त्यांच्या घरचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे, राजस्थानातून येऊन त्यांना पिढ्या झाल्या, आणि माणूस खरंच चांगला आहे. सगळे हसले. मला मात्र काय चढलं कुणास ठाऊक, मी उभी राहिले आणि बोलले, की टिकमार्कात पोराला आपण शिकवलेलं आठवतं का एवढंच कळतं, त्याने स्वतः काय पाहिलं, त्यावर काय विचार केला, ते त्याला लिहू दिल्याशिवाय कसं कळणार? एक तरी दीर्घोत्तरी प्रश्न ठेवा. सर, तेव्हा मी तुमच्यासारखी बोलत होते आणि मला ते कळत होतं. प्राचार्य म्हणाले, ठेवा, पण गुण भरपूर असतील तर त्याचं आदर्श उत्तर आणि गुणदान योजना तुम्हीच करा, म्हणजे कुठल्या मुद्द्याला किती गुण ते पक्कं राहील. आणि तपासणीत पक्षपात नको म्हणून पेपर दुसऱ्या कॉलेजातल्या परीक्षकांकडे जातील, मग तुमची दुसरी नजर. मी खुशीने हो म्हटलं. जिंकल्यासारखं वाटलं होतं.

प्रश्न मी असा काढला: नदीवर बंधारा झाल्यामुळे काठावरच्या गावांच्या जीवनात कोणते बदल होतात, ते उदाहरणांसह स्पष्ट करा. आपल्या तापीकाठच्या पोरांना यापेक्षा जवळचा प्रश्न कुठला देणार? मग आदर्श उत्तर लिहायला बसले. सिंचन वाढतं, ऊस, केळी, पपई येते, विहिरींना पाणी टिकतं, मासेमारी बदलते, पुराबरोबर शेतात येणारा गाळ बंधाऱ्यात अडकतो आणि जमिनीचा कस कमी होतो. प्रत्येक मुद्द्यापुढे गुण. गाळाला जास्त, कारण तो मुद्दा विचार करणाऱ्या पोरालाच सुचेल असं मला वाटलं. योजना दोन्ही कॉलेजांना गेली, सह्या झाल्या. उदाहरणांसह असं मी प्रश्नात लिहिलं खरं, पण पोरांची उदाहरणं माझ्या मुद्द्यांबाहेरची निघाली तर काय करायचं, याचा रकाना मी योजनेत ठेवलाच नव्हता.

आता ही मुलगी. नावाची पट्टी दुमडून चिकटवलेली असते, पण वर्षभर ज्या अक्षराखाली आपण लाल शाई ओढली ते ओळखू येणार नाही का? ती तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या पुढच्या एका खेड्यातून एसटीने येते, खिडकीजवळच्या बाकावर बसते, आणि वर्गात विचारलं तर अहिराणीत असं नेमकं उत्तर देते की मला फळ्याकडे तोंड करून हसू लपवावं लागतं. लिहायचं म्हटलं की तिचा हात आखडतो. एकदा मी पेपर परत देत असताना ती म्हणाली, "मॅडम, टिकमार्कना पेपर काढा ना. तठे खूण करी दी का सुटनूत. आठे एकेक अक्षरले भ्याव वाटस." मी म्हटलं, भिऊ नको, जे दिसतं ते लिही. पालकसभेला तिचे वडील आले होते. शांत माणूस, आवाज चढवला नाही. मुलीच्या देखतच म्हणाले, "पास व्हयनी ते शिकू देसू. नापास व्हयनी ते सुरतले धाडी देसू, मोठी बहीनजोडे." मोठी बहीण सुरतेला साड्यांवर खडे लावायचं काम करते. ही त्यांच्या शेजारी उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. बाकीच्या विषयांत ती सुटली आहे. अडकली आहे ती माझ्या विषयात, आणि माझ्या विषयातही त्या एका प्रश्नात, जो ठेवा म्हणून मी भांडले होते.

तिचं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं उतरवून देते. "बंधारा होण्याआधी उन्हाळ्यात नदीत गुडघाभर पाणी असे. नदीतून पाळवाट होती. आमची गाळ सकाळी पलीकडच्या काठावर चरायला जात होती आणि संध्याकाळी आपोआप घरी येत होती. तिला कोणी आणायला जात नव्हते. बंधारा झाल्यावर पाणी उभे राहिले. आता गाळ येत नाही. गाळ काठावर उभी राहून पाण्याकडे बघत होती. चारा विकत घ्यावा लागला. मग वडिलांनी गाळ विकली. ज्यांच्या वावरात पाईपलाईन आहे त्यांना नदी मिळाली. आमच्याकडून नदी गेली." एवढंच. समासात परीक्षकांनी 'गाळ' या शब्दाखाली प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारली आहे, शेवटी प्रश्नचिन्ह काढलं आहे आणि लिहिलं आहे: अर्थबोध होत नाही. त्यांचं तरी काय चुकलं? ते दुसऱ्या जिल्ह्यातून नोकरीसाठी आले आहेत. संध्याकाळी चरून घरी येणारा गाळ त्यांनी कुठे पाहिला असणार?

तुम्हाला मात्र सांगावं लागणार नाही. तुम्ही पहिलं वाक्य वाचूनच चष्मा कपाळावर सरकवला असता. सातवीत असताना मी निबंधात 'आईची माळा' लिहिलं होतं, ते मला आठवतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी वही उचलली, मोठ्याने वाचलं, आणि विचारलं, "कसली माळ घालते गं तुझी आई? मोत्यांची?" अख्खा वर्ग खिदळतोय. मी खाली मान घालून उभी आहे, कानापासून मानेपर्यंत सगळं तापलं आहे, आणि आपण काय चुकलो तेही मला कळत नाही. साहेब गेल्यावर तुम्ही दार लोटून घेतलं. "हासतस कसाले रे? घर तुम्ही डोया म्हनतस का डोळा? केयी का केळी? शाया का शाळा?" मग तुम्ही फळ्यावर दोन अक्षरं काढली, य आणि ळ. घरी आपण ज्याला य म्हणतो त्याचा शाळेत ळ होतो, हे पोराला मारून मारून शिकवलेलं असतं, म्हणून ते बिचारं खऱ्या य कडेसुद्धा संशयाने बघायला लागतं. मायेचा माळा करून टाकतं, पायाचा पाळा. "हाई चूक आळशी पोरनी नही. घाबरीसन, जपीसन लिखनारी पोरनी शे," असं तुम्ही म्हणालात आणि माझ्या डोक्यावर टपली मारलीत. आम्ही त्या अक्षराला पुढे भ्यावाचा ळ म्हणायला लागलो. दुसरीकडे कुठे असं कुणी चुकत असेल असं मला वाटत नाही. तर सर, या मुलीने गाय लिहिलं आहे. भ्यायली आणि गायीची गाळ केली. आणि नेमका बंधाऱ्याच्या उत्तरात, जिथे गाळ हा शब्द दबा धरून बसलेलाच होता.

आणि उत्तर किती चांगलं आहे! मी इथलीच, प्रकाशाच्या पुलावरून शेकडो वेळा गेले असेन, पण पाणी उभं राहिल्यावर ज्याच्याकडे बांधावर चारा नाही त्याच्या गुराचं काय होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. शेवटची दोन वाक्यं तर मी तीनदा वाचली. मी काय शोधत होते? पोराने स्वतः काय पाहिलं तेच ना? ते हे पुढ्यात पडलं आहे, आणि माझ्याच योजनेत त्याला जागा नाही. सिंचन नाही, केळी नाही, विहिरी नाहीत, मासे नाहीत. गायीचा मुद्दा मी लिहिलेला नाही.

मग मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले. उत्तर चांगलं आहे, की मुलगी मला आवडते म्हणून ते चांगलं वाटतं? मी गठ्ठ्यातून दुसऱ्या पोरांची उत्तरं काढली, माझे आधी दिलेले गुण कागदाने झाकले आणि पुन्हा तपासली. सर, माझे स्वतःचेच गुण जुळेनात. जेवणाआधी तपासलेल्या पेपरांना मी हात आखडून गुण दिले होते, जेवणानंतर सढळ. सुबक अक्षराच्या एका पोराने गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं आहे, त्यात आपल्या नदीचं नावसुद्धा नाही, आणि त्याला मी भरघोस गुण देऊन मोकळी झाले आहे, कारण मुद्दे सगळे होते. वाणिज्यच्या सरांचं हाताचं माप आठवलं. इतकी वर्षं मी कुणाकुणाला या हाताने मोजलं असेल, आणि त्यातलं कोण कोण सुरतेला गेलं असेल?

तुम्ही कसे तपासायचात ते मी पाहिलं आहे. तुमच्या घरी भूमितीची वही द्यायला आले होते, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून बसला होतात. काकू चुलीवर कळण्याची भाकरी थापत होत्या आणि तुम्ही एकेक उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होतात. त्यांना समजलं तर बरोबर, नाही समजलं तर तुम्ही पेन उगारायचात. काकू भाकरी उलटत म्हणाल्या, "समजनं ते काही नही. पन कोनं पोरगं शे? ते? मंग दी टाका, गरीब शे बिचारं." आणि तुम्ही खरंच दिलेत! तेव्हा मला गंमत वाटली होती. वाचून दाखवलं की ळ आणि य चा प्रश्नच उरत नाही, ऐकणाऱ्याला गाय ती गायच कळते, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण आज ते आठवून मी हादरले. म्हणजे तुमच्या गुणांत काकूंची मर्जी चालत होती. मग मी पहिली यायचे ते माझ्या उत्तरांमुळे, की त्यांना मी आवडायचे म्हणून? मी आवडती म्हणून त्या मला गुळाचा खडा द्यायच्या. हे विचारायला आता दोघंही नाही आहात, आणि असतात तरी तुम्ही धड उत्तर दिलं नसतंत, उलट मलाच ओरडला असतात.

तुमचं ओरडणं मला कसं विसरता येईल? नववीच्या सहामाहीत जमिनीची धूप या प्रश्नावर मी पुरवण्यांवर पुरवण्या लावल्या होत्या. शाबासकी मिळणार म्हणून पुढच्या बाकावर सरसावून बसले आहे. तुम्ही माझा पेपर टेबलावर आपटता. सगळ्या पानांत एकाच वाक्याखाली रेघ आहे, तेही मी सहज लिहून गेलेलं: आमच्या बांधावरची माती दर पावसाळ्यात शेजारच्या वावरात जाते आणि भांडण आमच्याकडे राहते. "हाईच उत्तर शे. बाकी बठ्ठं पुस्तकनं शे. आनि पुस्तक मन्हाजोडे शे, ते तू माले कसाले लिखी देस?" मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा दिलात. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, दाभणाने शिवलेल्या. रोज एक गोष्ट लिही, म्हणालात, पुस्तकात नसलेली. ते कागद मी दोन महिन्यांत संपवले. अख्ख्या शाळेत मला कुणी दिलेली तेवढी एकच वस्तू, आणि मी तिच्या जोरावर या खुर्चीपर्यंत आले.

शेवटी दुपारी मी त्या बाहेरच्या परीक्षकांना फोन लावला. ते झोपेतून उठले होते, पण रागावले नाहीत. मी ळ आणि य चं सगळं सांगितलं. आणि ते जे हसायला लागले! टिंगल नव्हती त्यात, खरंच आनंद झाला होता त्यांना. "अहो, गाय! गाय आहे होय ती! मी घरी बायकोलासुद्धा वाचून दाखवलं, म्हटलं ही मुलगी गाळाला चरायला पाठवते." मग त्यांनी उत्तर आठवून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, चांगलं लिहिलंय हो पोरीने." माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, मग मी गुण वाढवते, कारण म्हणून गाय असं लिहिते. तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "गायीचे गुण कुठून आणणार, मॅडम? योजना तुमची आहे. तिच्यात गाय नाही. मुद्दा नव्याने घालायचा तर दोन्ही कॉलेजांचे सगळे पेपर परत काढावे लागतील." तेच पुढे म्हणाले, आवाज जरा खाली घेऊन, "त्यापेक्षा असं करा. तिने स्पष्ट लिहिलंय, आता गाळ येत नाही. बरोबर? गाळाच्या मुद्द्याला गुण आहेत. लिंग चुकलंय, ते भाषेचं झालं, भूगोलाचं नाही. तुम्ही गाळ धरा आणि देऊन टाका. माझी हरकत नाही. पोरगी सुटेल." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "चांगल्या मनाने सांगतोय."

ते चांगल्या मनानेच सांगत होते, म्हणून तर मी कात्रीत सापडले. प्राचार्यांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि निकालाच्या तारखेच्या कागदाकडे बोट दाखवलं. सगळे पेपर पुन्हा काढायला आता वेळ नाही, एवढंच बोलले. म्हणजे आता दोनच वाटा आहेत. समासात गाय असं स्वच्छ लिहायचं, तिने काय पाहिलं ते खरं वाचायचं, आणि योजनेप्रमाणे तिला नापास होऊ द्यायचं. नाहीतर गाळापुढे बरोबरची खूण करायची, जो तिने लिहिलाच नाही, आणि तिला पास करायचं. तुम्ही काय केलं असतंत, सर? तुम्ही योजना फाडली असतीत, मला माहीत आहे. पण तुमच्या वेळी योजना नव्हती. फाडायला सोपं होतं. मला मात्र पेन दोनदा खाली ठेवावं लागलं. क्लार्कच्या चपलांचा आवाज जिन्यात येतोय.

इथवर लिहून मी हे कागद पर्समध्ये कोंबले होते. त्याला आता बरेच दिवस झाले, निकालही लागला. मी गाळापुढे खूण केली. कारणाच्या जागी लिहिलं: गाळाचा मुद्दा नमूद केलेला आहे, लिंगदोष दुर्लक्षित. सही केली, क्लार्कने गठ्ठा उचलला, आणि बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले. मुलगी पास झाली. वडिलांनी सुरतेचं नाव काढलं नाही. हे मी चूक केलं असं मला वाटत नाही, तशीच वेळ आली तर उद्याही हेच करीन. तरी वर्गात बंधाऱ्याचा धडा उघडला की गाळ हा शब्द तोंडातून काढताना मी अडखळते.

काल ती बारावीचा फॉर्म भरायला आली होती. खिडकीपुढची रांग सोडून धावतच माझ्याकडे आली. नवी ओढणी, चेहरा फुललेला. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग एकदम विचारलं, "मॅडम, ते शेवटला प्रश्नमा मी आमनी गायनं लिखेल व्हतं. तुमले समजनं ना?" मी म्हटलं, हो, समजलं. खरंच समजलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तिने माझा हातच धरला. "माले वाटे, गायनं मार्क देतस का नही. पुस्तकमा ते गाय नही. पन तुम्ही सांगेल व्हतं, दिसस ते लिख. देतस ना मॅडम, मार्क?" आणि मी, इतक्या वर्षांत कॉलेजच्या आवारात पहिल्यांदाच अहिराणीत, म्हटलं, "देतस." ती रांगेकडे परत पळाली. अर्ध्या वाटेतून वळून ओरडली, "मंग बोर्डना पेपरमा बी आसंच लिखसू!"

बोर्डाचा पेपर कुठे जातो, कोण तपासतो, मला माहीत नाही. तिथे तिच्या कागदासोबत मी जाणार नाही, आणि तिथल्या कुणाला फोन लावायची सोयही नाही. ती आता निर्भयपणे लिहील, आणि ती निर्भय झाली ती मी केलेल्या एका खोट्या खुणेवर. तिला हाक मारून थांबवायला हवं होतं. तुझी गाय मला दिसली, पण गुण दिले ते गाळाला, असं सांगायला हवं होतं, आणि मग बसून, काही न लपवता, दोन्ही कसं लिहायचं ते शिकवायला हवं होतं. हे पत्र तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी धाडलं नसतं, तुम्ही पुन्हा एकाच वाक्याखाली रेघ मारून परत केलं असतंत. ते वाक्य कुठलं, ते मला आता माहीत आहे, आणि ते मी अजून लिहिलेलं नाही. घाईत सांगायचं राहून गेलं, असं मी काल घरी नवऱ्याला सांगितलं. राहून गेलं नाही, सर. तिने हात धरला होता, आणि मला तो सोडवायचा नव्हता.